बदलत्या पावसात कंधारची कोरडवाहू शेती
लहान शेतकऱ्यांना उपयुक्त ठरणाऱ्या पेरणी, जलसंधारण व पीकरचनेच्या पद्धती

बालाघाटच्या डोंगररांगा आणि मन्याड नदीचे खोरे यांच्या आश्रयाने वसलेला कंधार परिसर हा नांदेड जिल्ह्यातील एक प्राचीन भूभाग होय. राष्ट्रकूटांच्या काळात या नगरीला मोठे वैभव प्राप्त झाले होते. कंधार येथे सापडलेल्या दहाव्या शतकातील शिलालेखात ‘जगत्तुंगसमुद्र’ या विशाल तलावाचा उल्लेख आढळतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडलेले पाणी उरलेल्या आठ महिन्यांसाठी अडवून ठेवले पाहिजे, हे या भूमीत राहणाऱ्यांनी हजार वर्षांपूर्वीच ओळखले होते, याची साक्ष हा तलाव देतो.

आज याच परिसरात मन्याड नदीवर बारूळ येथे निम्न मानार आणि शेजारच्या लोहा तालुक्यात लिंबोटी येथे ऊर्ध्व मानार असे दोन प्रकल्प उभे आहेत. तथापि, धरणाचे पाणी माळावरच्या शेतांना चढत नाही. कुरुळा, पेठवडज, फुलवळ, उस्माननगर या भागांतील बहुसंख्य शेतकऱ्यांचे सारे वर्ष मृगापासून हस्तापर्यंतच्या पावसावर ठरते. सोयाबीन, कापूस, तूर, मूग, उडीद आणि ज्वारी ही त्यांची पिके. जमीन थोडी, तीही अनेकदा दोन-तीन तुकड्यांत विभागलेली. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीखातेदाराकडे अवघी १.३४ हेक्टर जमीन आहे. एवढ्याशा जमिनीवर एक हंगाम बुडाला, तर पुढील हंगामाचे बियाणे कर्ज काढूनच आणावे लागते. म्हणूनच पावसाच्या चालीत पडत चाललेला फरक हा येथील लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने केवळ शास्त्रीय चर्चेचा विषय नसून त्याच्या संसाराचा प्रश्न झाला आहे.

बेरीज तीच, वाटणी निराळी

नांदेड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो फार कमी म्हणता येणार नाही. अडचण आहे ती त्याच्या वाटणीची. जूनमध्ये पाऊस येतो आणि पेरणी होताच दडी मारतो. जुलै-ऑगस्टमध्ये दोन-दोन, तीन-तीन आठवडे उघडीप राहते. पुढे सप्टेंबरमध्ये पीक काढणीच्या उंबरठ्यावर असताना एका रात्रीत महिन्याचा पाऊस कोसळतो. वर्षअखेरीस बेरीज सरासरीच्या जवळ भरते, पण शेतकऱ्याच्या घरात धान्य भरत नाही.

गेल्या काही वर्षांचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. २०१४ आणि २०१५ ही सलग दोन वर्षे मराठवाड्याने तीव्र अवर्षण सोसले. त्याचा परिणाम म्हणून एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी पुरवावे लागले. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मात्र अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली. २०२३ चा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कंधारला लागून असलेल्या मुखेड तालुक्यात ढगफुटीसदृश पाऊस होऊन जीवितहानी झाली आणि सप्टेंबरमध्ये मराठवाड्याच्या मोठ्या भागात पुराने शेतीचे अपरिमित नुकसान केले.

हा केवळ योगायोग नव्हे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. साहजिकच पाऊस लांबतो आणि जेव्हा पडतो तेव्हा मुसळधार पडतो. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे दाखवून दिले. शेतकऱ्याला आता एकाच हंगामात अवर्षण आणि अतिवृष्टी या दोन्हींची तयारी ठेवावी लागणार, असा याचा अर्थ होय.

जमीन हीच पहिली विहीर

या तयारीचा आरंभ शेतातील मातीपासून होतो. एक एकर क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे चार लाख लिटर पाणी मिळते. हे पाणी साठविण्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत स्वस्त पात्र म्हणजे जमीन. एक मीटर खोलीची काळी जमीन पिकाला घेता येईल असे सुमारे १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकते. फुलोऱ्यातील व शेंगा भरण्याच्या अवस्थेतील सोयाबीनला दररोज चार ते पाच मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे वीस दिवसांचा खंड पडला, तर ८० ते १०० मिलिमीटर पाण्याची गरज. खोल काळ्या जमिनीत ती भागते. माळावरच्या एक फूट खोलीच्या जमिनीत मात्र जेमतेम ४५ ते ६० मिलिमीटर ओल मावते आणि दहा-बारा दिवसांतच पीक माना टाकू लागते. एकाच गावात, एकाच पावसात एकाचे पीक तरते आणि दुसऱ्याचे करपते, याचे कारण बहुधा या खोलीत असते.

काळ्या मातीचा आणखी एक स्वभाव आहे. ओली झाली की ती फुगते, तिची रंध्रे मिटतात आणि वरून येणारे पाणी आत शिरण्याऐवजी वाहून जाऊ लागते अथवा साचून राहते. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही. सोयाबीन व तुरीच्या मुळांवरील गाठी काम करीनाशा होतात आणि पीक पिवळे पडते. उलट ती वाळली की तिला भेगा पडतात व त्या वाटेने खोलवरची ओलही उडून जाते. याचा अर्थ, जमिनीत पाणी मुरविणे आणि जादा पाणी शेताबाहेर काढून देणे अशी दोन परस्परविरुद्ध वाटणारी कामे एकाच शेतात साधावी लागतात. कंधारसारख्या भागातील सुधारित पद्धतींचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

पेरणीची घाई टाळणे

लहान शेतकऱ्याचे पहिले मोठे नुकसान दुबार पेरणीत होते. मृगाचा पहिला पाऊस पडला की पेरणीची घाई होते. शेजाऱ्याची तिफण चालू झालेली पाहून थांबणे कठीण जाते. पाऊस थांबला, कोवळे कोंब सुकले, की पुन्हा बियाणे, पुन्हा खत आणि पुन्हा मजुरी असा दुहेरी खर्च माथी येतो. त्यातच पेरणी पंधरा-वीस दिवसांनी लांबल्यामुळे उत्पन्नही घटते.

परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग यांची शिफारस या बाबतीत स्पष्ट आहे. किमान ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय आणि वाफसा आल्याशिवाय पेरणी करू नये. वरवर जमीन ओली दिसणे पुरेसे नाही. ठिकठिकाणी खुरप्याने उकरून ओल वीतभर तरी खाली गेली आहे काय, हे पाहून घेणे हितावह ठरते.

पाऊस लांबला तर काय पेरावे, याचेही वेळापत्रक ठरलेले आहे. मूग व उडीद ही थोड्या दिवसांची पिके असली, तरी जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर ती पेरू नयेत. कारण त्यांची काढणी भर पावसात सापडते. कापूस व सोयाबीन यांची पेरणी साधारणपणे १५ जुलैपर्यंत आटोपावी. त्यानंतर पेरणीयोग्य पाऊस झाल्यास तूर, बाजरी, सूर्यफूल, एरंडी व तीळ यांकडे वळावे. तोही समय टळल्यास खोल जमीन राखून ठेवून रब्बी ज्वारी अथवा हरभरा घेणे श्रेयस्कर. आर्द्रा गेली, पुनर्वसू गेला, तरी हट्टाने एकच पीक पेरण्यापेक्षा नक्षत्रागणिक पीक बदलणे ही जुन्या शेतकऱ्यांची रीत होती. आजच्या आपत्कालीन पीकनियोजनाचा गाभाही तोच आहे.

बियाण्याची घरगुती पारख

पेरणी यशस्वी होण्यास ओलीइतकेच महत्त्व बियाण्याला आहे. सोयाबीनचे पीक स्वपरागसिंचित असल्याने एकदा प्रमाणित बियाणे घेतले की त्याच्या उत्पादनातून निवडलेले बियाणे दोन ते तीन वर्षे वापरता येते. दरवर्षी नवी पिशवी विकत घेण्याची आवश्यकता नसते. मात्र सोयाबीनच्या दाण्याचे साल अत्यंत पातळ असते. मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला, पोती उंचावरून आपटली किंवा एकावर एक अशी अधिक थप्पी लावली, तर दाणा फुटतो व उगवणशक्ती नष्ट होते. काढणीच्या वेळी पावसात भिजलेले सोयाबीन तर बियाण्यासाठी ठेवूच नये.

उगवणशक्ती तपासण्याची रीत सोपी आहे. गोणपाटाचा एक तुकडा ओला करून त्यावर शंभर दाणे दहा-दहांच्या ओळींत मांडावेत, वर दुसरा ओला तुकडा ठेवून गुंडाळी करावी व ती सावलीत ठेवून अधूनमधून पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तर अथवा अधिक दाणे उगवल्यास नेहमीच्या मात्रेने पेरणी करावी. त्याहून कमी उगवल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. फारच कमी उगवल्यास ते बियाणे वापरू नये. पेरणीपूर्वी प्रथम बुरशीनाशकाची आणि नंतर रायझोबियम व स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया करावी. दाणा तीन ते चार सेंटिमीटरपेक्षा खोल पडणार नाही याची दक्षता घ्यावी. अनेक घरांत हे काम महिलाच पाहतात. बियाणे निवडणे व राखणे हे त्यांचे परंपरागत कौशल्य असल्याने गावातील शेतीशाळांत त्यांना प्रथम स्थान मिळणे उचित होय.

रुंद वरंबा आणि सरी

पाणी मुरविणे व जादा पाणी बाहेर काढणे ही दोन्ही कामे एकाच वेळी साधणारी पद्धत म्हणजे रुंद वरंबा व सरी पद्धत. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अर्धशुष्क उष्णकटिबंधीय पीक संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी ही पद्धत विकसित केली. आता ट्रॅक्टरचलित पेरणी यंत्राच्या साहाय्याने वरंबा काढणे, खत देणे आणि पेरणी करणे ही तिन्ही कामे एकाच फेऱ्यात होतात.

या पद्धतीत सुमारे चार ते साडेचार फूट रुंदीच्या सपाट वरंब्यावर सोयाबीनच्या तीन ते चार ओळी येतात आणि दोन वरंब्यांच्या मध्ये एक ते दीड फूट रुंदीची सरी राहते. पेरणी उताराला आडवी केली जाते. हलक्या पावसात सरीतले पाणी हळूहळू वरंब्याच्या पोटात मुरते. मुसळधार पावसात तीच सरी चर बनून जादा पाणी शेताबाहेर नेते. पिकाची मुळे मात्र उंचावर, भुसभुशीत मातीत सुरक्षित राहतात. ओळींत हवा खेळती राहिल्याने रोगराईला आळा बसतो आणि सरीतून चालत जाऊन फवारणी करणे सोपे होते. एकरी ३० किलो बियाण्याऐवजी सुमारे २२ किलो बियाण्यात भागते, हा लहान शेतकऱ्याला तत्काळ जाणवणारा लाभ आहे.

परंतु ज्याच्याजवळ ट्रॅक्टर नाही आणि ज्याचे शेत यंत्र वळविण्याइतके मोठे नाही, त्याने काय करावे? त्यालाही मार्ग आहे. बैलांच्या तिफणीने पेरणी करताना दर चार किंवा सहा ओळींनंतर एका ओळीचे छिद्र बंद करून ती ओळ रिकामी ठेवावी. यास पट्टापेर म्हणतात. पीक तीस-पस्तीस दिवसांचे झाले की कोळप्याला दोरी गुंडाळून त्या रिकाम्या ओळीत सरी काढावी. ही मृतसरी दिसायला साधी असली, तरी ऑगस्टच्या खंडात ओल टिकविण्याचे व सप्टेंबरच्या पुरात पाणी काढण्याचे काम ती चोख बजावते. शिवाय तिच्यासाठी बैलजोडीपलीकडे खर्च येत नाही. पावसाने उघडीप देताच केलेली हलकी कोळपणीही अशीच उपयुक्त. ती तणाबरोबर जमिनीच्या भेगाही बुजविते.

भातशेतीतून आलेला धडा

कंधारच्या शेतकऱ्याला भाताच्या शेतीपासून शिकण्यासारखे काय असणार, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तथापि अलीकडे मराठवाड्यात पसरत असलेल्या शून्य मशागतीच्या पद्धतीचा एक महत्त्वाचा उगम भाताच्या खाचरात आहे. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथील कृषिभूषण चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी एक तंत्र विकसित केले. ते ‘सगुणा राईस तंत्र’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात चिखलणी नाही, रोप तयार करणे नाही आणि लावणीही नाही. एकदाच गादीवाफे तयार करून त्यांवर भाताचे दाणे टोकले जातात. कापणीनंतर धसकटे व मुळे जमिनीतच ठेवली जातात आणि त्याच वाफ्यावर नांगरट न करता पुढचे पीक घेतले जाते.

कोकणातील लहान भातशेतकऱ्यापुढेही पावसाच्या अनिश्चिततेचाच प्रश्न होता. रोपे तयार झाली आणि चिखलणीपुरता पाऊस आला नाही, तर लावणी लांबते व रोपे जून होतात. टोकणीमुळे हे परावलंबन संपले. हेच तत्त्व पुढे कोरडवाहू कापूस, सोयाबीन व मका यांना लावण्यात आले. सुमारे साडेचार फुटी गादीवाफ्यावर टोकण केलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या मुळांसकट उपटण्याऐवजी जमिनीलगत कापल्या जातात. मुळे जागीच कुजतात. त्यांच्या पोकळ वाटांतून पाऊस खोल मुरतो आणि मातीतील सेंद्रिय कर्ब हळूहळू वाढतो. गांडुळांची संख्या वाढल्याने जमीन आपली आपणच भुसभुशीत होते.

नांगरट, मोघडणी व वखराच्या पाळ्या यांवरील खर्च वाचणे, हा यातील रोख लाभ. बैल बाळगणे परवडत नाही आणि ट्रॅक्टरचे भाडे वाढते आहे, अशा काळात तो लहान नाही. मात्र या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिल्या एक-दोन वर्षांत तणाचा उपद्रव वाढतो व त्यासाठी तणनाशकावर अवलंबून राहावे लागते. तणनाशकाची मात्रा चुकल्यास पिकाला व पुढील पिकालाही इजा पोचते. म्हणून संपूर्ण शेतावर एकदम प्रयोग न करता प्रथम दहा गुंठ्यांवर अनुभव घेणे शहाणपणाचे ठरते.

सोबतीचे पीक

मराठवाड्यात पूर्वी ज्वारीच्या शेतात तुरीचे पाटे टाकण्याची रीत सर्वत्र होती. मूग, उडीद, अंबाडी व तीळ यांनाही त्याच शेतात जागा मिळे. गेल्या तीन दशकांत सोयाबीनने हे चित्र पालटले. सोयाबीनमुळे रोख पैसा लवकर हाती येऊ लागला हे खरे. परंतु सारे शेत एकाच पिकाखाली आल्याने एका आठवड्याच्या पावसाने सारे शेत एकाच वेळी धोक्यात येऊ लागले.

विद्यापीठाने शिफारस केलेली सोयाबीन व तूर यांची ४:२ ही आंतरपीक पद्धत या धोक्याची विभागणी करते. सोयाबीन ९५ ते १०० दिवसांत निघते आणि त्याची मुळे वरच्या थरात पसरतात. तुरीचे सोटमूळ खोल जाते. ती सुरुवातीला मंदगतीने वाढते आणि सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या जागेत फोफावते. ऑगस्टच्या खंडाने सोयाबीन मार खाल्ले, तरी परतीच्या पावसावर तूर उभी राहते. उलट परतीच्या पावसाने सोयाबीनची गंजी भिजली, तरी तुरीचे उत्पन्न हाती राहते. ज्वारी व तूर तसेच कापूस व मूग किंवा उडीद ही आंतरपिकेही याच तत्त्वावर बेतलेली आहेत. ज्वारीचा कडबा जनावरांना मिळतो आणि ज्या घरी जनावरे आहेत त्या घरच्या शेतात शेणखत जाते, ही साखळीही विसरता येणार नाही.

वाण निवडताना जमिनीची खोली विचारात घ्यावी. हलक्या जमिनीवर दीर्घ मुदतीचे वाण लावणे म्हणजे जमिनीजवळ नसलेल्या ओलीची अपेक्षा करणे होय. बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राने प्रसारित केलेला तुरीचा ‘बीडीएन ७११’ हा वाण सुमारे १५० ते १५५ दिवसांत तयार होतो. त्यामुळे मध्यम जमिनीत हिवाळ्यातील ओल संपण्यापूर्वीच तो हाती येतो. सोयाबीनमध्ये परभणीचे ‘एमएयूएस ७१’, ‘एमएयूएस १५८’ व ‘एमएयूएस ६१२’ हे वाण मराठवाड्यासाठी उपलब्ध आहेत. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने दिलेल्या ‘एनएचएच ४४’ या संकरित वाणाने एके काळी कोरडवाहू कापसाला मोठा आधार दिला होता. याच विद्यापीठाचे देशी कापसाचे सरळ वाण पाण्याचा ताण सोसण्यात सरस असून त्यांचे बियाणे शेतकऱ्याला घरी राखता येते. एकाच शेतात दोन निरनिराळ्या मुदतींचे वाण थोडेथोडे लावले, तरी फुलोऱ्याच्या काळातील खंडाचा फटका सर्व पिकाला एकदम बसत नाही.

शेततळ्याचा हिशेब

जमिनीत मुरून उरलेले पाणी साठविण्यासाठी शेततळे हा दुसरा आधार. राज्य शासनाने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केल्यापासून शेततळ्यांचा प्रसार वाढला. तथापि, शेततळे किती मोठे असावे याचा हिशेब शेताच्या आकारावरून मांडला पाहिजे. १५ मीटर लांब, १५ मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा उतरत्या काठांच्या शेततळ्यात सुमारे ४४१ घनमीटर पाणी मावते. एक एकर पिकाला पाच सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यावयाची, तर सुमारे २०० घनमीटर पाणी लागते. बाष्पीभवन व गळती वजा जाता हे तळे एका एकरास एक भरवशाची पाळी, आणि तुषार सिंचन वापरल्यास दुसरीही, देऊ शकेल. ३० मीटर लांबी-रुंदीच्या तळ्यात सुमारे २,१९६ घनमीटर पाणी मावते. परंतु ते सुमारे नऊ गुंठे जमीन व्यापते, आणि दोन एकरांच्या धन्यास एवढी जमीन देणे सहसा परवडत नाही.

ऐन फुलोऱ्यात अथवा शेंगा भरताना दिलेली ही एक पाळी हंगाम वाचवू शकते. मात्र शेततळे विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याने भरून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ होत आहे. तिचा आश्रय घेतल्यास भूगर्भातील पाणी उन्हात उडून जाते आणि शेजाऱ्याची विहीर आटते. शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्यानेच भरावयाचे असते. बांधबंदिस्ती, उताराला आडवे चर व नाल्यांवरील बंधारे ही कामे एकट्या शेतावर न होता डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग झाली, तरच तळ्यात गाळाऐवजी पाणी येते.

वेळेवर पोचणारी मदत

वर सांगितलेल्या पद्धतींपैकी एकही पद्धत अलौकिक नाही. त्या आचरणात येण्यास लागणारे साहाय्य योग्य दिवशी मिळणे हा खरा प्रश्न आहे. पेरणीचा वाफसा चार-पाच दिवसच टिकतो. या चार दिवसांत गावातील एकच रुंद वरंबा सरी यंत्र आधी मोठ्या शेतावर गेले, तर दोन एकरांच्या शेतकऱ्याची पाळी येईपर्यंत ओल उडालेली असते.

या दृष्टीने जागतिक बँकेच्या सहकार्याने २०१८ पासून राबविण्यात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचा अनुभव महत्त्वाचा आहे. मराठवाड्यातील नांदेडसह सर्व आठ जिल्हे आणि विदर्भ व खानदेशातील काही जिल्हे यांमधील पाच हजारांहून अधिक गावांत या प्रकल्पाचा पहिला टप्पा राबविला गेला. गावोगावी ग्राम कृषी संजीवनी समित्या स्थापन झाल्या. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून कामे ठरविण्याची पद्धत रुजविण्यात आली. शेतकऱ्याच्याच शेतावर भरणाऱ्या शेतीशाळांत पेरणीपासून काढणीपर्यंतची पद्धत प्रत्यक्ष दाखविली गेली, तर गट व उत्पादक कंपन्यांना अवजारे बँकांसाठी साहाय्य मिळाले. राज्य शासनाने या प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यास मान्यता दिली असून त्यात २१ जिल्ह्यांचा समावेश आहे.

या अनुभवातून एक अडचणही समोर आली आहे. अनुदान थेट खात्यात जमा होते, ही पारदर्शकतेच्या दृष्टीने चांगली व्यवस्था. परंतु बहुतेक घटकांत आधी खर्च करावा लागतो व रक्कम मागाहून मिळते. ज्याच्याजवळ आरंभीचा पैसा नाही, तो शेतकरी पात्र असूनही मागे राहतो. म्हणून भूमिहीन व अल्पभूधारकांच्या गटांना अवजारे भाड्याने मिळणे, पेरणीच्या काळात लहान शेतांची पाळी आधी लावणे आणि खरीप पीककर्ज मे अखेरीपर्यंत हाती पडणे, या तीन गोष्टींना कोणत्याही मोठ्या बांधकामाइतकेच महत्त्व आहे.

माहितीचीही तीच कथा. ‘महावेध’ प्रकल्पांतर्गत राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली आहेत. परभणीच्या विद्यापीठातून दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला प्रसृत होतो. बिलोली तालुक्यातील सगरोळी येथील कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्था प्रात्यक्षिके घेतात. तथापि मंडळाच्या ठिकाणी पडलेला पाऊस दहा किलोमीटरवरच्या वाडीत पडलाच असेल असे नाही. प्रत्येक गावात शाळेच्या अंगणात साधे पर्जन्यमापक असावे, विद्यार्थ्यांनी रोज सकाळी त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी आणि ७५ मिलिमीटरचा टप्पा गाठल्यावरच गावाने पेरणीचा निर्णय घ्यावा. एवढ्या अल्प खर्चात दुबार पेरणीचे मोठे संकट बऱ्याच अंशी टळू शकेल.

सामूहिक प्रयत्नांची गरज

सरी कितीही चांगली काढली, तरी २०२५ सारख्या महापुरात नदीकाठचे शेत वाचत नाही. अशा प्रसंगी पीकविमा व शासकीय मदत यांचाच आधार असतो. सुधारित पद्धतींमुळे नुकसान संपूर्ण टळते असा दावा करणे योग्य ठरणार नाही. मात्र वीस दिवसांचा खंड आणि एका रात्रीचा मुसळधार पाऊस ही आता अपवादात्मक घटना राहिलेली नाही, आणि या नेहमीच्या संकटांतून पीक तारून नेण्याचे सामर्थ्य या पद्धतींत निश्चितच आहे.

त्यासाठी येत्या खरिपापूर्वी करावयाची कामे मोजकीच आहेत. एप्रिल-मे महिन्यांत शेताचा उतार पाहून पेरणीची दिशा ठरवावी. घरच्या बियाण्याची उगवण तपासावी. गटाने यंत्राच्या पाळ्या लेखी लावून घ्याव्यात. सोयाबीनच्या शेतात तुरीच्या ओळी राखाव्यात. आणि पाऊस मोजल्याशिवाय तिफण जुंपू नये. ही कामे एकट्याने केल्यास एका शेताचे रक्षण होईल. गावाने एकत्र येऊन केल्यास माथ्यावरचे पाणी पायथ्याच्या विहिरीपर्यंत पोचेल. जगत्तुंगसमुद्राच्या काळात राजसत्तेने एका नगरीसाठी पाणी अडविले. आज ते कार्य शासन, विद्यापीठ आणि ग्रामस्थ यांच्या सहकार्याने प्रत्येक वरंब्यावर व प्रत्येक सरीत करावयाचे आहे.